तितकंसं वाईट नाही

माझ्या नवऱ्याच्या तोंडून खरं काढण्यापेक्षा गोठलेल्या तळ्याचा बर्फ फुटून पाण्यात गेलेला ट्रक बाहेर काढणं सोपं. ट्रक आम्ही एकदा काढलाय म्हणून सांगते. ट्रॅक्टर लागला, साखळदंड लागले, चार माणसं चिंब झाली, पण दिवस मावळायच्या आत तो निघाला. आर्डन अजून निघायचाय.

दोष त्याच्या एकट्याचा नाही, हे मला मान्य आहे. इथं उत्तर मिनेसोटात 'कसा आहेस' विचारलं की माणूस 'तक्रार नाही' म्हणतो. पाय मोडला तर 'तितकंसं वाईट नाही'. घर जळालं तर 'याहून वाईट झालं असतं'. कोणी कॉफी विचारली की आधी नको म्हणायचं, पुन्हा विचारली की 'उगाच त्रास कशाला' म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा विचारली की 'बरं, अर्धा कप'. पहिल्याच हाकेला हो म्हणणारा एकतर बाहेरगावचा असतो, नाहीतर हावरट. मीही अशीच वाढले. पण पुढे मी शाळेची बस चालवली. मागे पोरं एकमेकांच्या टोप्या फेकतायत आणि पुढे रस्त्यावर बर्फ, अशा नोकरीत बाईची भीड चेपते.

आर्डनचं आतडं या 'तक्रार नाही'नंच घालवलं. वर्षभर त्याला शौचाला रक्त जात होतं. मूळव्याध असेल म्हणून हा तोंडात मिठाची गुळणी धरून बसला. चेहरा पांढरा पडला, जिना चढताना धाप लागायला लागली. मी विचारलं की म्हणायचा, वय झालं. शेवटी लाकडाच्या वखारीत फळ्या मोजता मोजता खाली कोसळला. हॉस्पिटलात नेलं तर अंगात रक्त निम्मंच उरलेलं. मग तपासण्या, मोठ्या आतड्यात गाठ, कर्करोग, ऑपरेशन. तो जागा झाल्यावर सर्जननं कसं वाटतंय विचारलं, तेव्हा पोटाला हातभर टाके पडलेला हा माणूस म्हणाला, "तितकंसं वाईट नाही."

पुढच्या उपचारांसाठी आम्हाला डॉक्टर ब्रूसार्ड मिळाल्या. बाई लुईझियानाच्या, पार दक्षिणेकडच्या. तिकडे म्हणे कोणाचं डोकं दुखलं तर तो आजोबांच्या डोकेदुखीपासून सुरुवात करतो. बाई हुशार, प्रेमळ, बोलक्या. एकच खोट. समोरचा जे बोलतो तेच त्याला म्हणायचंय, असं त्या धरून चालत.

पहिल्या भेटीत त्यांनी आम्हाला सगळं नीट समजावलं. निरोगी पेशी गरज असेल तेव्हाच एकीच्या दोन होते, शेजारणींनी पुरे म्हटलं की थांबते, आणि दुरुस्त होण्यापलीकडे बिघडली तर आपणहून मरते. एखाद्या पेशीत मात्र वर्षानुवर्षं एकावर एक बिघाड साचत जातात. मग तिला 'पुरे' ऐकू येईनासं होतं आणि मरायचंही ती विसरते. तिच्यासारख्याच दोन, दोनाच्या चार, अशी गाठ होते. आर्डनची गाठ सर्जननं काढली होती. पण आतड्यालगतच्या काही लसिकाग्रंथींमध्ये त्या पेशी पोचलेल्या सापडल्या होत्या. म्हणजे आणखी काही, कुठल्याही फोटोत न दिसणाऱ्या, अंगात कुठंतरी दडून बसल्या असू शकतील. केमो त्यांच्यासाठी.

मी विचारलं, अंगात पहारा देणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात ना, त्या काय झोपा काढतात?

"त्या येतात की," डॉक्टर म्हणाल्या. "पण कर्करोगाच्या काही पेशी फार लबाड असतात. बाहेरून खूण लावून ठेवतात, इथं सगळं ठीक आहे, पुढं चला. आणि पहारेकरी पुढं जातो."

मी आर्डनकडे पाहिलं. तो खिडकीबाहेरच्या गाड्या बघत होता.

"म्हणजे मिनेसोटाचीच पेशी की," मी म्हणाले. डॉक्टर खळखळून हसल्या. त्यांना वाटलं मी विनोद केला.

औषधं दोन ठरली. छातीत कातडीखाली एक डबी बसवली, तिच्यातून दर पंधरवड्याला ती सोडायची, असं बारा वेळा. एका औषधात प्लॅटिनम होतं. दुभागायला निघालेल्या पेशीच्या आतल्या धाग्यांना ते अशा निरगाठी मारतं की तिला स्वतःची नक्कल काढताच येत नाही, आणि ती मरते. पण ते नसांनाही छळतं. प्लॅटिनम मणक्याशेजारच्या नसांच्या पेशींत जाऊन बसतं आणि लवकर निघत नाही, दर डोसाला थोडं थोडं साचतं. डॉक्टरांनी आर्डनच्या डोळ्यांत बघून सांगितलं की गार वस्तूला हात लावला की झटका बसेल, ते चालेल, ते जातं. पण बोटं बधिर झाली आणि पुढच्या डोसापर्यंत बधिरच राहिली तर मला सांगायचं. मी ते औषध कमी करीन किंवा बंद करीन. उशीर केलात तर बोटं कदाचित परत मिळणार नाहीत.

"बरं," आर्डन म्हणाला.

आता त्याच्या बोटांबद्दल सांगायला हवं. आर्डन सीडर लाकडाचे मासे कोरतो. शोभेचे नव्हेत. हिवाळ्यात तळं गोठलं की बर्फावर एक बिनखिडकीची खोपी ओढत न्यायची, आत बर्फाला मोठं चौकोनी भोक पाडायचं आणि अंधारात भाला घेऊन बसायचं. आत अंधार असला की खालचं पाणी हिरवं उजळतं आणि तळ दिसतो. दोरीला लाकडी मासा बांधून पाण्यात सोडायचा. पोटात शिसं, पत्र्याचे पंख. दोरी बोटावर घेऊन अशी हलवायची की मासा जिवंत माशासारखा गोल गोल पोहला पाहिजे. मग त्याला खायला पाईक येतो, म्हणजे लांबोडका, दातेरी शिकारी मासा. आर्डनचा मासा जसा पोहतो तसा या तळ्यावर कोणाचा पोहत नाही. तो म्हणतो, डोळे कामाचे नाहीत, सगळं दोरीतून कळतं. खाली पाणी कुठं सरकतंय, पाईक येण्याआधी मासा कसा थबकतो, सगळं. बोलायचं सगळं त्याच्या बोटांत साठलंय असं मला लग्नापासून वाटत आलंय, आणि ती बोटं माझ्याशीही बोलत आलीत. ती गेली तर माझ्या वाट्याला नुसतं 'तितकंसं वाईट नाही' उरणार होतं.

ती दोरी तो कोणाच्या हातात देत नाही. व्हर्लिन त्याचा शाळेपासूनचा मित्र, खोपीत कायम शेजारी बसतो. दोघं सकाळपासून दुपारपर्यंत एक शब्द न बोलता बसतात आणि घरी येऊन सांगतात, मस्त गप्पा झाल्या. पण त्या व्हर्लिनलासुद्धा दोरी कधी मिळाली नाही.

केमो सुरू झाली आणि तळंही गोठलं. दाराच्या कडीला हात लागला की आर्डन दचकायचा. फ्रिज हातमोजे घालून उघडायचा. पाणी कोमट करून प्यायचा. हे सगळं डॉक्टरांनी सांगितलेलंच होतं, म्हणून मी फार मनावर घेतलं नाही. दर वेळी डॉक्टर विचारायच्या, मुंग्या येतात का? तो म्हणायचा, थोड्या, चालायचंच. बटणं लावता येतात का? तो अंगातल्या शर्टाकडे बोट दाखवायचा. बटणं गळ्यापर्यंत लावलेली. डॉक्टर छान म्हणायच्या आणि औषध चढायचं.

घरी मात्र शर्ट धुवायला येताना बटणं लावलेलेच येऊ लागले. हा बनियनसारखे डोक्यावरून काढतोय, आळशी झालाय, असं म्हणून मी चार शब्द सुनावले. त्यानं ऐकून घेतले.

फेब्रुवारीत एका शनिवारी व्हर्लिन आला नाही. काहीतरी काम आहे म्हणाला. अलीकडे त्याला बरीच कामं असायची. एकट्यानं तळ्यावर जायचं नाही असं मी आर्डनला बजावलं होतं, म्हणून मीच सोबत गेले. खोपीत शेगडी होती, त्यानं जाड हातमोजे घातले होते. मासा त्यानं मलाच कडीत अडकवायला लावला. मग मोजे काढले, दोरी बोटावर घेतली आणि हलवू लागला. मी खाली पाहिलं. मासा पोहत नव्हता. फाशी दिल्यासारखा नुसता वरखाली होत होता.

बराच वेळ तसाच गेला. मग आर्डननं दोरी माझ्यासमोर धरली.

"तू घे," तो म्हणाला. "गंमत म्हणून."

मी घेतली. काय करावं सुचेना म्हणून हलवत राहिले. आर्डननं दोरी दुसऱ्याच्या हातात देणं, आमच्याकडे यालाच ओक्साबोक्शी रडणं म्हणतात, हे माझ्या लक्षात आलं. त्या अंधारात मला शर्ट आठवले, बटणं आठवली, दर वेळचं 'चालायचंच' आठवलं, आणि असा संताप आला की भाला उचलून खोपीच्या भिंतीत मारावासा वाटला. मी विचारलं, किती दिवस झाले? तो म्हणाला, काय? मी म्हणाले, आर्डन. तो म्हणाला, तितकंसं वाईट नाही.

पुढच्या दोन दिवसांत मी सगळं करून पाहिलं. ओरडले, रडले, जेवण आपटून वाढलं. मंगळवारी डॉक्टरांना सांग म्हणून विनवण्या केल्या. सांगतो म्हणाला. आम्ही इथली माणसं नवऱ्याला चारचौघांत खोटं पाडत नाही. घरात काय ते बोलावं, बाहेर झाकली मूठ सव्वा लाखाची. मी त्याच्यावर विश्वास ठेवला, पण निघताना तो लाकडी मासा दोरीसकट टॉवेलात गुंडाळून पर्समध्ये टाकला.

मंगळवारी डॉक्टर ब्रूसार्ड नेहमीसारख्या हसत आल्या. रक्ताचे रिपोर्ट चांगले होते.

"आणि मुंग्या?"

"थोड्या," आर्डन म्हणाला. "चालायचंच."

"बटणं?"

त्यानं शर्टाकडे बोट दाखवलं. डॉक्टर छान म्हणाल्या आणि औषध आणायला सांगायला उठल्या.

मी म्हणाले, थांबा. माझा आवाज बसमधला निघाला. दारातून जाणारी नर्ससुद्धा थांबली. मी पर्स उघडली, टॉवेल सोडला, मासा काढला, दोरी त्याच्या कडीला लावली. आर्डन मला हळूच नको म्हणाला. मी म्हणाले, डोळे मीट. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला जन्मभर आठवेल, पण मिटले. मी दोरी त्याच्या बोटावर टाकली, तो टाकतो तशीच. मासा त्याच्या गुडघ्यांच्या मध्ये लोंबकळत होता.

"मासा आहे?" मी विचारलं.

"आहे."

मी कडी सोडली आणि मासा काढून डॉक्टरांच्या हातात ठेवला. रिकामी दोरी त्याच्या बोटावर लटकत राहिली.

"आता?"

आर्डननं बोट किंचित वर घेतलं, खाली घेतलं. तो अगदी लक्ष देऊन ऐकल्यासारखा बसला होता. आयुष्यभर त्याला असाच बसलेला मी पाहिलाय.

"आहे," तो म्हणाला. "शांत आहे."

डॉक्टर हातातल्या माशाकडे बघत राहिल्या.  पुढचा प्रश्न आला नाही, तेव्हा त्यानं डोळे उघडले. आधी दोरी पाहिली, मग डॉक्टरांच्या हातातला मासा. मग मान खाली घातली.

डॉक्टर खुर्ची ओढून त्याच्या अगदी समोर बसल्या. का नाही सांगितलंत, त्यांनी विचारलं. रागावून नाही, आणि त्याचाच मला राग आला. मला वाटलं कोणीतरी या माणसाला गदगदा हलवावं.

"तुम्ही बारा म्हणाला होतात," आर्डन जमिनीकडे बघत म्हणाला. "बारा पायऱ्या असतील, तर आठवीवर बसून वर कसं पोचणार? मी पोचलो नाही तर ही एकटी राहील. बोटांचं काय एवढं."

 आजार निघाल्यापासूनच्या सात महिन्यांत तो माझ्याबद्दल बोललेलं हे पहिलं वाक्य, आणि तेही डॉक्टरांना सांगितलं.

डॉक्टर म्हणाल्या, त्या पायऱ्या नाहीतच. निम्म्याच्या पुढे गेल्यावर या प्लॅटिनमचा जास्तीचा उपयोग तुमच्यासारख्या आजारात अगदी थोडा असतो, आणि नुकसान मात्र दर वेळी वाढत जातं. ते आजपासून बंद. दुसरं औषध चालू राहील, त्या लपलेल्या पेशींना तेही मारतं. उपचार सोडलेत असं अजिबात नाही. मग त्या त्याच्याकडे वाकून म्हणाल्या,

"आधीच सांगितलं असतंत तर आधीच बंद केलं असतं, आर्डन. एवढंच होतं ते."

एवढंच होतं. मी उठून खिडकीशी गेले, कारण तोंड उघडलं असतं तर बंद करता आलं नसतं. मागे डॉक्टर सांगत होत्या की औषध थांबवलं तरी पुढचे काही महिने बधिरपणा आणखी वाढेल, साचलेलं प्लॅटिनम आपलं काम करत राहतं. मग हळूहळू उतरेल. कोणाचं बरंचसं जातं, कोणाचं राहतं. तुमचं किती परत येईल, मी सांगू शकत नाही.

निघताना त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, हा माणूस 'चालायचंच' म्हणतो तेव्हा मी काय समजायचं? मी म्हणाले, 'चालायचंच' म्हणजे काळजी करा. 'तितकंसं वाईट नाही' म्हणजे धावत या. आणि 'तक्रार नाही' म्हणाला तर पाद्रीबाबांना बोलवा. या वेळी त्या हसल्या नाहीत. पहिल्या दिवशीच कोणी सांगितलं असतं तर, असं त्या म्हणाल्या.  आम्हाला तरी कुठं ठाऊक होतं की आमच्या बोलण्याचा अर्थ बाहेरच्याला सांगावा लागतो.

परतीच्या वाटेवर आर्डन एक शब्द बोलला नाही. ते नेहमीचंच, पण न बोलण्यातही प्रकार असतात. मी बोलत राहिले. चांगलं केलं म्हणाले, पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन म्हणाले, त्याच्या आईला आणि तिच्या आईलाही शिकवणुकीबद्दल दोन शब्द ऐकवले. दोघी कधीच गेल्यात, त्यांचं काय जातंय. अंगणात गाडी थांबवली तेव्हा त्यानं तोंड उघडलं.

"पर्समध्ये कोंबून नेलास," तो म्हणाला. "पंख वाकलाय."

आर्डननं आजवर माझ्याविरुद्ध केलेली ही पहिली तक्रार. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तो वाकलेला पंख त्याचा त्याला सरळ करता येणार नव्हता, आणि मला तो करता येत नाही.

पुढचे दिवस आम्ही भाड्यानं राहणाऱ्यांसारखे एका घरात वावरलो. मी त्याच्या शर्टांची बटणं काढून चिकटपट्ट्या शिवल्या. त्यानं ते पाहिलं आणि काही म्हटलं नाही. मी वाकलेला पंख चिमट्यानं सरळ करायला गेले आणि तो तुटला. तेव्हाही काही म्हटलं नाही. कधी कधी वाटायचं की मी मंगळवारी त्याचं कातडं सोललं, आणि मिळालं काय तर आणखी गप्प नवरा.

ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत दर बुधवारी आमच्या चर्चच्या तळघरात सूप असतं. आम्ही गेलो, कारण न जाणं म्हणजे बोलण्यासारखं झालं असतं. नेहमीचं टेबल, समोर व्हर्लिन. तो बारीक झालेला दिसला, पण हिवाळ्यात आमच्याकडे सगळेच एकतर बारीक होतात नाहीतर जाड. वाटाण्याचं सूप होतं. चर्चमधली डोरीन कॉफीचं भांडं घेऊन फिरत होती.

"आर्डन, कॉफी?"

"हो," आर्डन म्हणाला.

डोरीन तोंड उघडून उभी राहिली. ती दुसऱ्यांदा विचारायच्या तयारीत होती.

"पूर्ण कप," आर्डन म्हणाला. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मार्लिस, कप तू धर. मला गरम कळत नाही. परवा हात भाजला." त्यानं तळवा उघडून दाखवला. अंगठ्याखाली चांगला मोठा फोड होता, मी तो पहिल्यांदाच पाहत होते. "बोटं गेलीत माझी. औषधानं. वेळेवर बोललो नाही म्हणून."

टेबलावरचे सगळे चमचे थांबले. कोणीतरी या वर्षी बर्फ लवकर वितळेल म्हणालं. कोणीतरी हो म्हणालं. डोरीननं कप काठोकाठ भरला.  मी कप उचलून त्याच्या ओठांशी नेला, आणि सगळ्या गावासमोर माझ्या नवऱ्यानं माझ्या हातून कॉफी प्यायली. मला त्याला फटकाही मारावासा वाटत होता आणि त्याच्या गळ्यातही पडावंसं वाटत होतं. परवा भाजलेला हात तो मला आज दाखवत होता, गावाबरोबर.

हळूहळू चमचे पुन्हा सुरू झाले. व्हर्लिनचा तोंडापर्यंत गेला नाही. तो सूप नुसतं ढवळत होता.

"त्या डॉक्टरीणबाईंना," तो सुपाकडे बघत म्हणाला, "पहिलं वाक्य काय सांगितलंस?"

"मी नाही सांगितलं," आर्डन म्हणाला. "हिनं मासा काढला."

व्हर्लिननं मान हलवली. परत ढवळलं. मग इतक्या हळू बोलला की मला कप खाली ठेवून पुढे वाकावं लागलं.

"लघवीतून रक्त जातंय माझ्या. हरणांच्या शिकारीच्या मोसमापासून, नोव्हेंबरपासून." आणि मग सवयीनं, "तितकंसं वाईट नाही."

मी तोंड उघडलं, पण आर्डननं माझ्याआधी टेबलावरून हात पुढे केला. तो भाजलेला, बधिर हात त्यानं व्हर्लिनच्या मनगटावर नुसत्या नजरेनं अंदाज घेत ठेवला.

"वाईट आहे, व्हर्लिन," तो म्हणाला. "उद्या सकाळी मार्लिस गाडी काढेल."